सात रिव्हॉल्व्हरांची जिल्हई

त्या दहा रिव्हॉल्व्हरांपैकी सातांची जिल्हई माझ्या हातची होती. हे मी आयुष्यात कुणापुढे मोठ्यानं बोलले नाही. बोलले असते तर कुणाला खरं वाटलं नसतं, हे एक. आणि सातांचं बोलले असते तर उरलेल्या तिनांचंही सांगावं लागलं असतं.

आमचं घर लोणावळ्याला, बाजाराच्या मागच्या अंगाला. आम्ही शिकलगार. आज्या-पणज्यांनी तलवारी आणि भाले घासले, पण वडिलांच्या काळात तलवारी कुठल्या? त्यांनी बंदुका दुरुस्त करायचा परवाना काढला होता. तो काचेच्या चौकटीत घालून दारासमोरच्या भिंतीवर लावलेला असे आणि दरवर्षी पुण्याला नेऊन त्यावर नवा शिक्का आणावा लागे. खंडाळ्याच्या बंगल्यांतले साहेब आणि पारशी शेठ आपल्या शिकारीच्या बंदुका आमच्याकडे धाडत. एरवी मावळातल्या लोकांचे विळे-कोयते आणि न्हाव्यांचे वस्तरे. आम्ही मुसलमान, पण घरातली बोली मावळचीच. वडिलांना मी बाबाच म्हणायची.

लोखंड घासून त्याला चकाकी आणायची म्हणजे जिल्हई करायची. आमच्या जातीचं मूळ काम तेच. पण बाबांच्या बाबतीत एक विपरीत गोष्ट होती. त्यांच्या हाताला घाम यायचा. तोही असा खारा, की घासलेल्या लोखंडाला त्यांचं बोट लागलं तर दुसऱ्या दिवशी तिथं बोटाचा तांबूस ठसा उमटलेला असायचा. सुटे भाग जुळवण्याच्या जोडकामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण शेवटची जिल्हई त्यांच्या आईनं, म्हणजे माझ्या आजीनं केलेली असायची. आजी गेल्यावर त्यांनी दोन वर्षं कशीबशी काढली. मग एके दिवशी त्यांनी घासलेली एक पोलादी पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दुपारभर मुठीत धरून बस." दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी पाहिली तर तिच्यावर डाग नव्हता. बाबा ती खिडकीशी नेऊन फिरवून फिरवून बघत राहिले. आईला म्हणाले, "ही आमच्या आईवर गेलीया." त्यानंतर मी कारखान्यात बसू लागले. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची पडवी.

मी सतरा वर्षांची असताना ती दहा रिव्हॉल्व्हरं आली. दक्षिणेकडच्या एका संस्थानिकाचा खंडाळ्याला बंगला होता. गादीवर बसून त्यांना पंचवीस वर्षं व्हायची होती आणि त्या समारंभाला त्यांना दहा खास पाहुण्यांना एकेक रिव्हॉल्व्हर भेट द्यायचं होतं. दहाच्या दहा एका जातीची, एका अंगाची हवीत. अकरावं होणार नाही. विलायतेहून त्यांनी सुटे भाग मागवले होते, नुसते कापून आकार दिलेले. जुळवलेले नाहीत, घासलेले नाहीत, रंगवलेले नाहीत. ते जुळवून त्यांना अंतिम रूप द्यायचं काम बाबांना मिळालं. संस्थानचा शिक्का मारलेला परवानगीचा कागद आला आणि त्याच्यामागून रेल्वेनं दोन लाकडी पेट्या आल्या.

पेटी उघडली तेव्हा मला वाईटच वाटलं. राखेत लोळलेल्या भांड्यांसारखे ते तुकडे दिसत होते. नळीवर कानशीचे ओरखडे, सांगाड्याच्या कडेला कापताना उठलेली बोचरी झालर. बाबा मात्र खूश होते.

"पोलाद चांगलं हाय," ते म्हणाले. "बाकीचं आपल्या हातात."

जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्व्हर होतं ते. नुसता चाप दाबून उडत नसे. दर गोळीला आधी घोडा अंगठ्यानं मागं ओढावा लागे, तेव्हा सहा गोळ्यांचं चक्र एक घर फिरे आणि मग चाप दाबायचा. घोडा मागं घेताना आत चार आवाज होत. बाबा म्हणत, ते चार आवाज सुटे सुटे ऐकू आले पाहिजेत, जिना चढणाऱ्या माणसाच्या पावलांसारखे. एक पाऊल दुसऱ्यावर पडलं तर आतला दात नीट बसलेला नाही. ते डोळे मिटून घोडा ओढत, ऐकत आणि पुन्हा सगळं खोलत. कुठला भाग कुठं घासतोय हे कळावं म्हणून तो दिव्याच्या काजळीवर धरून काळा करत, जागी बसवत आणि काढत. जिथली काजळी पुसली गेली असेल तिथंच कानशीचा एक हात फिरवत. एकच. मग पुन्हा काजळी. चक्र आणि नळी यांच्यात कांद्याचा पापुद्रा जाईल एवढीच फट त्यांना चाले. घोडा चढवलेला असताना चक्र बोटानं हलवून पाहत. ते जरासुद्धा हललं तर त्यांचं जेवण गोड लागत नसे.

एकेका रिव्हॉल्व्हरला पंधरा-वीस दिवस जात. मग ते सगळं सुटं करून माझ्याकडे येई.

माझ्या कामात ताकदीचं काही नव्हतं. लाकडी ठोकळ्यावर चामडं ताणायचं, त्याला कुरुंदाची पूड आणि तेल लावायचं आणि घासायचं. आधी जाडी पूड, मग बारीक, मग पिठासारखी. अवघड एवढंच होतं की चकाकी तर यायला हवी, पण कड मरता कामा नये. घाईनं घासलं की धारदार कड गोल होते, सपाट पृष्ठावर लाटा उठतात आणि स्क्रूच्या भोकाभोवती खळगा पडतो. लांबून ते कुणाला दिसणार नाही. पण वस्तू उजेडात धरून तिरकी केली की उजेडाची रेघ वाकडी धावते. बाबा त्याला "कोर मेली" म्हणत. माझ्या हातून पहिल्या नळीची कोर थोडी मेली होती. बाबांनी ती नळी पुन्हा सपाट करून माझ्यापुढे ठेवली. त्यात त्यांचे चार दिवस गेले. त्यानंतर माझ्या हातून कोर मेली नाही.

घासून झालं की रंग. तो रंग वरून लावायचा नसतो, तो गंजाचा असतो. तेजाबाचं पाणी फडक्यानं चोळायचं आणि भाग दमट हवेत टांगून ठेवायचा. लोणावळ्याच्या धुक्यात एका दिवसात त्याच्यावर मखमलीसारखा तांबडा गंज चढे. मग तो पावसाच्या साठवलेल्या पाण्यात उकळायचा. तांबडा काळा होई. मऊ तारेच्या ब्रशनं वरची भुकटी काढायची आणि पुन्हा तेजाब. असं नऊ वेळा. नवव्या वेळी पिकल्या जांभळाच्या सालीसारखा रंग यायचा, काळा, पण आतून निळा. ह्या सगळ्यात हाताचा घाम लागला की तिथं ढगासारखा डाग राही आणि नऊच्या नऊ वेळा वाया जात. म्हणून ते कामही माझंच.

पहिलं रिव्हॉल्व्हर पूर्ण झालं तेव्हा बाबांनी त्याची शिसवी मूठ बसवली, सगळ्या स्क्रूंच्या खाचा एका रेषेत आणल्या आणि ते आईच्या हातात दिलं. आईनं पदरानं धरलं. "थंड लागतंय," एवढंच म्हणाली. बाबा हसले. त्यांना मी फार वेळा हसताना पाहिलेलं नाही.

मला ते काम आवडत होतं, असं आता म्हणणं सोपं आहे. तेव्हा मी कंटाळले होते. माझ्या नखांत कायम काळं असे. अंगाला तेलाचा आणि तेजाबाचा वास येई. ईदेला आळीतल्या मुली मेंदी लावत, तशी मीही लावायची. त्यांची लालभडक दिसे आणि माझ्या काळवंडलेल्या तळव्यावर ती दिसतच नसे. एकदा एक मुलगी सहज म्हणाली, "हिचे हात लोहारासारखे हायत." मी घरी येऊन राखेनं हात घासले. साल निघेपर्यंत घासले.

सहावं रिव्हॉल्व्हर चालू होतं तेव्हा वडगावहून स्थळ आलं. मुलगा कचेरीत कारकून, वडील निवृत्त हवालदार. घरची भाताची थोडी जमीन. आईला स्वर्ग दोन बोटं उरला. बाबा म्हणाले, "दहा पुरी होऊ द्या. मग करू."

"रिव्हॉल्व्हरापायी पोर घरात ठेवता का?" आई म्हणाली. "तिकडची म्हातारी आजारी हाय. नातसून बघायचीय तिला. लोक थांबत न्हाईत."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी त्याचा अर्थ लाज असा घेतला असेल. लाज नव्हती ती. मला जायचं होतं.

सातवं पुरं झालं आणि चार दिवसांनी माझा निकाह झाला. त्या वेळी मेंदीच्या आधी आईनं माझे हात रिठ्याच्या पाण्यात तासभर भिजवून ठेवले होते.

वडगावचं घर चांगलं होतं. नवरा मितभाषी, सकाळी कचेरीत जाई, संध्याकाळी येई. आजेसासू अंथरुणाला खिळलेल्या होत्या, त्या महिन्याभरात गेल्या. सासरे ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत. सासूबाईंना मी अम्मा म्हणत असे. त्या आवाजानं जरा करड्या, पण मनानं नव्हत्या. मला आधी वाढून मग स्वतः जेवत. दोन महिन्यांत माझी नखं स्वच्छ झाली. तळहात मऊ झाले. मी कधी कधी काम नसताना ते बघत बसे.

एके दिवशी सकाळच्या गाडीनं बाबा आले. मी ओसरीच्या कडेला तांदूळ निवडत होते. ते स्टेशनवरून चालत आले होते, धोतराला चिखल होता. सासऱ्यांनी "या उस्ताद, या" म्हणून घोंगडी टाकली. बाबा बसले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, सोडला आणि त्यातली पोलादी पट्टी माझ्यापुढे धरली. रिव्हॉल्व्हरच्या मुठीच्या मागल्या बाजूची पट्टी होती ती. आठव्याची.

"बघ गं," ते म्हणाले.

मी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि कडेवरून अंगठा फिरवला. बघायची गरज नव्हती.

"कोर मेली," मी म्हणाले.

"व्हय. तीन येळा घासली. आता आणखी घासली तर मापच जाईल." मग ते सासऱ्यांकडे वळले. "हवालदारसाहेब, पोरीला पंधरा-वीस दिवस धाडा. तीनच ऱ्हायलीत. जोडून मी समदी ठेवलीत. फकस्त घासायची आन् रंगवायची."

सासरे दुष्ट नव्हते. त्यांनी विचार करूनच उत्तर दिलं.

"उस्ताद, आईला भेटायला म्हणून न्या. महिनाभर न्या, माझी ना नाही. पण ह्या कामाला नको. मी तीस वर्षं पोलिसात काढली. परवाना तुमच्या नावावर आहे, हिच्या नाही. हल्ली कुठं एक पिस्तूल सापडलं तरी दहा घरांची झडती होते. उद्या कुणी म्हटलं, हवालदाराची सून पिस्तुलं घासते, तर मुलाच्या नोकरीचं काय?"

बाबांनी पट्टी रुमालावर ठेवली. तेवढ्यात आतल्या दारातून अम्मा बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत सासऱ्यांना म्हणाल्या, "तिला विचाराल का कुणी?"

"यात काय विचारायचं?"

"बाप चिखल तुडवत आलाय. पंधरा दिवसांनी आपलं घर बुडत नाही. लोक विचारतील तर सांगू, माहेरपणाला गेली." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरी, तुला जायचंय का? जायचं असलं तर लुगडं घे आणि निघ त्यांच्याबरोबर. ह्यांचं मी बघते."

तिघंही माझ्याकडे बघत होते. बाबांच्या चेहऱ्यावर आशा होती, ती मला आजही दिसते.

"मला न्हाई जायचं," मी म्हणाले.

का म्हणाले, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. नवी नवरी होते, सासऱ्यांचा शब्द मोडणं जिवावर आलं. मला दिवस गेल्याची शंका होती आणि ते अजून कुणाला सांगितलं नव्हतं. ही कारणं खोटी नाहीत. पण त्या क्षणी माझ्या मनात यांतलं काहीच नव्हतं. माझ्या अंगठ्याला पट्टीवरचं काळं तेल लागलं होतं आणि मी ते पदराला पुसत होते. एवढंच होतं.

बाबांनी पट्टी रुमालात बांधली. एक गाठ मारली, मग दुसरी. चहा घेतला. यंदा भात कसा आहे म्हणून सासऱ्यांना विचारलं. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सुखात ऱ्हा." मी सुपात तांदूळ घेऊन बसले होते. उंबऱ्यापर्यंतसुद्धा गेले नाही.

पुढचं मला आईकडून कळलं. बाबांनी ती तिन्ही रिव्हॉल्व्हरं स्वतः घासली. हाताला राख चोळून, फडकी बांधून, आईकडून पंख्यानं वारा घालून घेऊन. तरी घाम लागलाच. रंगात ढग राहिले. एकाचा रंग त्यांनी चार वेळा उतरवून पुन्हा चढवला. मग संस्थानच्या शस्त्रागाराचा अधिकारी तपासायला आला. वयस्क माणूस होता, जाणकार. त्यानं दहाही रिव्हॉल्व्हरं पांढऱ्या कापडावर ओळीनं मांडली, एकेकाचा घोडा ओढून आवाज ऐकला, चक्र हलवून पाहिलं. त्यात कुठं खोट नव्हती. मग एकेक उचलून दारातल्या उजेडात तिरकं धरलं. सात एका बाजूला ठेवली आणि तीन दुसऱ्या.

"उस्ताद, ही तीन दुसऱ्या कुणाच्या हातची दिसतात," तो म्हणाला.

"न्हाई साहेब," बाबा म्हणाले. "ही माझ्या हातची. ती सात दुसऱ्याच्या हातची हायत. माझ्या लेकीच्या."

अधिकाऱ्याला ती थट्टा वाटली. मग बाबांच्या तोंडाकडे पाहून कळलं की थट्टा नाही. तो म्हणाला, "मग तिला बोलवा. महिनाभर थांबतो."

"तिचं लगीन झालं."

"तर तुम्हीच पुन्हा करून बघा."

आणि बाबा म्हणाले, "मला येत न्हाई, साहेब."

"शिकलगाराच्या तोंडून असं बोलणं," आई मला म्हणाली, "मला वाटलं, जमीन दुभंगावी." ती तीन रिव्हॉल्व्हरं जिल्हईसाठी मुंबईला गेली. सात घेऊन अधिकारी खंडाळ्याला गेला. जाताना त्यानं बाबांच्या जोडकामाची तारीफ केली, चांगल्या शब्दांत केली. बाबांनी सलाम केला आणि पडवीत जाऊन कानशी पुसायला बसले.

त्यानंतर त्यांनी तसलं काम घेतलं नाही. साहेबांच्या बंदुका येत, त्यांची स्प्रिंग बदलून देत, नळ्या साफ करून देत. कुणी नवीन जिल्हई मागितली तर पुण्याचा पत्ता सांगत. विळे आणि कोयते मात्र पूर्वीसारखे. भातकापणीच्या आधी आमच्या दारात विळ्यांचे ढीग पडत आणि बाबा दिवसभर दगडावर धार लावत.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. मुलगी झाली. महिन्याभरानं मी उठती झाल्यावर पडवीत गेले. बाबा एका साहेबाच्या दुनळीचा घोडा काढून बसले होते. जवळच माझा ठोकळा होता, त्याचं चामडं वाळून वर आलं होतं. मी तो उचलायला वाकले.

"ऱ्हाऊ दे," बाबा म्हणाले. "बाळंतिणीनं लोखंडाला हात लावू नये."

असा कुठला रिवाज आमच्यात आहे, हे मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. माझी काळजी होती की मला तिथून दूर ठेवायचं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि नंतर विचारता आलं नाही. मी म्हणाले, "बाबा, त्या दिवशी मी..."

"बाळ रडतंय बघ," ते म्हणाले.

बाळ रडत नव्हतं. मी आत गेले.

नंतर महायुद्ध सुरू झालं. लोणावळ्यातून रोज सैनिकांच्या गाड्या जाऊ लागल्या. बंगल्यांतले कितीतरी साहेब लढाईवर गेले, शिकारी थांबल्या. हत्यारांची तपासणी कडक झाली. दर महिन्याला पोलीस येऊन परवाना बघून जाई. बाबांची छाती तोवर खराब झाली होती. धार लावताना उडणारी पूड आयुष्यभर नाकातोंडात गेलेली. चार पावलं चालले की भिंत धरून उभे राहत. परवान्यावर नवा शिक्का आणायला पुण्याला जाणं त्यांना जमलं नाही, आणि त्या वर्षी त्यांनी चौकट भिंतीवरून उतरवून आतला कागद पोलिसाच्या हातात दिला. पावसाळा संपता संपता ते गेले. माणूस वडगावला निरोप घेऊन आला तेव्हा मी शेतावर डबा द्यायला गेले होते. मी लोणावळ्याला पोचले तोवर त्यांना नेलेलं होतं.

बाबांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला अम्मा माझ्याबरोबर आल्या. त्यांचे गुडघे दुखत, तरी आल्या. येताना त्यांनी घरचा नवा तांदूळ बांधून आणला होता. आईनं तो घेतला, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. दुपारी सगळ्यांना सरबत द्यायला अम्मा उठल्या. आईपुढे पेला धरला. आईनं तोंड फिरवलं. अम्मा तशाच पेला धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी तो खाली ठेवला.

मी आईला पडवीत नेलं. "असं का केलंस?"

"तिच्या हातचं मला उतरायचं न्हाई," आई म्हणाली. "तुझ्या बाबानं तिच्या दारात पदर पसरला आन् तिनं पोर धाडली न्हाई. तिथनंच खचला त्यो."

"असं कोण म्हणालं?"

"त्यानंच सांगितलं. वडगावहून आला आन् हितंच बसला. मी म्हणलं, पोर का आणली न्हाई? तर म्हणला, पोर कापडं घेऊन तयार हुती, रडत हुती, पर सासरची सोडंनात. सासूच आडवी आली."

बाबांनी त्या दिवशी गाडीत बसून सगळा रस्ताभर ही गोष्ट रचली असणार. मला वाचवायला रचली. आईनं मला कधी दोष देऊ नये म्हणून. आणि दोष कुणाच्या तरी पदरात टाकायलाच हवा म्हणून त्यांनी तो त्या घरातल्या सासूच्या पदरात टाकला, कारण सासूनं अडवलं म्हटलं की कुठल्याही आईला ते खरं वाटतं. अम्मा त्यांच्या बाजूनं बोलल्या होत्या, हे त्यांना ठाऊक होतं. तरी टाकला.

आई माझ्याकडे बघत होती. तेव्हा सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण चाळीस दिवस रडून तिचं तोंड सुकलं होतं, आणि तिच्या मनात रडत निघालेली एक मुलगी होती. ती मुलगी मला काढून घेववली नाही.

परतताना गाडीत अम्मा खिडकीशी बसल्या होत्या. मळवली स्टेशन गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुझ्या आईचा माझ्यावर कसला राग आहे गं?"

"राग न्हाई, अम्मा. दुःखानं तसं झालंय तिचं."

त्यांनी मान हलवली. पटलं नव्हतं.

आई त्यानंतर तीन वर्षं जगली. अम्मा दर ईदेला तिच्यासाठी काही ना काही माझ्याबरोबर पाठवत, कधी शेवया, कधी लुगडं. आई लुगडं शेजारणीला देऊन टाकी. मी वडगावला येऊन सांगे की आईला आवडलं. दोन घरांमध्ये मी असं वर्षानुवर्षं खोटं वाहत राहिले. प्रत्येक वेळी वाटे, पुढच्या खेपेला खरं सांगू. आई शेवटच्या आजारातही म्हणाली, "त्या बाईनं धाडली असती तर तुझा बाप आणखी धा वर्सं जगला असता." तेव्हाही मी नुसते तिचे पाय दाबत राहिले. दोन दिवसांनी ती गेली. तिला खरं सांगायचं राहून गेलं ते कायमचंच.

अम्मा पुढच्या उन्हाळ्यात आजारी पडल्या. शेवटी शेवटी त्यांना माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी नको असे. एका दुपारी मी त्यांना उसाचा रस चमच्यानं पाजत होते. नवरा कचेरीत, सासरे बाहेर झोपलेले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"तुझी आई जाताना मला माफ करून गेली का?" त्यांनी विचारलं. "माझं काय चुकलं ते मला कळलं नाही. पण करून गेली का?"

"व्हय, अम्मा," मी म्हणाले. "तुमचं नाव घेतलं तिनं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि चमच्यासाठी पुन्हा तोंड उघडलं.